सेहरा: फुलांचा, मोत्यांचा आणि नोटांचा

पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न आहे आणि घरात सध्या एकाच गोष्टीवरून धुसफूस चालू आहे. सेहरा बांधायचा की नाही? भाईजान म्हणतात, खानदानातला मोठा मुलगा आहे, अकोल्याहून खास सेहरा मागवू. मोगरा, गुलाब, मधे जरीच्या लडी, गुडघ्यापर्यंत लांब. पुतण्या पुण्यात नोकरीला आहे, दाढी राखून आहे, पाच वेळचा नमाजी आहे. तो म्हणतो, चाचा, ही बिदअत आहे, गैरांची रस्म आहे, मी बांधणार नाही. भाभी रडून मोकळ्या झाल्या. आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला म्हणून निवाड्याचं काम माझ्याकडे आलं. मी दोघांनाही अजून काही बोललेलो नाही, कारण या प्रकरणात मी स्वतः एक जुना गुन्हेगार आहे. ते पुढे सांगतो.

ज्यांनी सेहरा जवळून पाहिला नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. दुल्ह्याच्या फेट्याला किंवा टोपीला कपाळावर एक पट्टी बांधतात आणि तिला फुलांच्या लडी सोडतात. त्या चेहऱ्यावरून छातीपर्यंत, कधी त्याहून खाली लोंबतात. दुल्ह्याला समोरचं धड दिसत नाही, मित्र हाताला धरून नेतात. आमच्या बुलडाणा जिल्ह्यातल्या हिंदू शेजाऱ्यांकडे हेच काम मुंडावळ्या आणि बाशिंग करतात. लग्नाला उतावळा झालेल्याला आपण 'गुडघ्याला बाशिंग बांधून बसलाय' म्हणतो. आमच्या घरी दादी हेच वाक्य सेहरा घालून म्हणायची, आणि वाक्य अडायचं नाही.

पुतण्याचा आक्षेप आहे की ही रस्म आपली नाही. शब्दापुरता तो खरा आहे. सेहरा हा शब्द अरबीही नाही आणि फारसीही नाही. संस्कृतातला 'शेखर', म्हणजे डोक्यावरचा तुरा किंवा माळ, प्राकृतात 'सेहर' झाला आणि तोच पुढे सेहरा. म्हणजे चंद्रशेखर हे नाव ज्याने ठेवलं त्याने चंद्राचा सेहरा बांधलेला देवच डोळ्यांपुढे आणला होता. दख्खनच्या मुसलमानांनी हा शब्द आणि ही वस्तू कधी घेतली याची तारीख कुणी लिहून ठेवलेली नाही. पण जाफर शरीफ या दख्खनी लेखकाचं 'कानून-ए-इस्लाम' 1832 साली डॉक्टर हर्क्लॉट्स यांच्या इंग्रजी अनुवादात लंडनला छापलं गेलं, तेव्हा त्यातल्या लग्नाच्या वर्णनात हळद, मेंदी, वरात आणि सेहरा सगळं जागच्या जागी बसलेलं होतं. दोनशे वर्षांपूर्वीच ही गोष्ट जुनी होती.

आणि ती फक्त लग्नापुरतीही नव्हती. मेहकर तालुक्यातल्या आमच्या गावात मोहरमला सवारी बसायची. तिला पहिला सेहरा गावातल्या एका पाटील घराण्याचा असायचा. त्यांच्या आजोबांनी कधीतरी मन्नत मागितली होती. लडी गुंफायच्या माळीबुवांच्या घरी, आणि दुसऱ्या आठवड्यात त्याच अंगणात कुणाच्या तरी मुंडावळ्या गुंफल्या जायच्या. दोन्हीला तोच दोरा. पिंपळगाव सराईला सैलानी बाबांच्या यात्रेत फुलांची चादर चढवणाऱ्यांत किती कोण आणि किती कोण, हे आजही कुणी मोजत नाही.

हे झालं फुलांचं. पण सेहरा जितका वर चढला तितकी त्यातली फुलं कमी झाली. मुघल दरबारात तो मोत्यांचा झाला. शाहजहानच्या 'पादशाहनाम्या'ची चित्रं असलेली प्रत आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहे. शहजाद्यांच्या लग्नांचा थाट त्यात पाहायला मिळतो. दारा शुकोह आणि नादिरा बानो यांचं लग्न 1633 चं. खर्च बत्तीस लाख रुपये. आता हाच आकडा आपल्या बाजूने पाहा. मलकापूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी बुऱ्हाणपूर आहे. दाराची आई मुमताज महल 1631 साली तिथेच वारली. त्याच काळात, 1630 ते 1632, दख्खन आणि गुजरातेत असा दुष्काळ पडला होता की गावंच्या गावं ओस पडली. बादशहाने बुऱ्हाणपुरात लंगर उघडले, शेतसाऱ्यात मोठी सूट दिली आणि दर सोमवारी पाच हजार रुपये याप्रमाणे वीस सोमवार, एकूण एक लाख रुपये गरिबांना वाटले. हे दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरीनेच कौतुकाने लिहिलं आहे. दान म्हणून ते थोडं नव्हतं, सूटही मोठी होती. तरी एक लाख आणि बत्तीस लाख हे दोन आकडे वर्गात फळ्यावर शेजारी शेजारी लिहिले की पोरं थोडा वेळ गप्प बसायची.

सेहरा कवितेतही शिरला. दुल्ह्याच्या कौतुकाच्या कवितेलाही सेहराच म्हणतात. 1852 साली बहादूरशहा जफरचा लाडका मुलगा जवाँबख्त याच्या लग्नात मिर्झा गालिबने सेहरा लिहिला आणि शेवटी स्वतःची अशी काही तारीफ केली की ती बादशहाचे उस्ताद जौक यांना टोमणा आहे असं सगळ्यांना वाटलं. जौकनी उत्तरादाखल दुसरा सेहरा लिहिला, आणि गालिबला माफीची वेगळी कविता लिहावी लागली. ही भानगड दिल्लीतच झाली असं समजू नका. आमच्याकडे उर्दू शाळेतले मास्तर गुलाबी कागदावर सेहरा छापून आणत. त्यात सगळ्या नातेवाइकांची नावं ओळीत बसवावी लागत. एका लग्नात फुफाजींचं नाव वजनात बसेना म्हणून मास्तरांनी गाळलं. फुफाजी जेवायला उठले नाहीत. पुढे अकरा वर्षं येणं-जाणं बंद होतं.

आता उलेमांकडे येतो, कारण पुतण्याच्या मोबाईलमध्ये त्यांचेच बयान आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेहऱ्यावर दोन मोठ्या आलिमांची मतं अगदी वेगळी पडली. मौलाना अशरफ अली थानवी (1863-1943) यांनी 'इस्लाह-उर-रुसूम' हे पुस्तक अशाच रस्मांवर लिहिलं आणि पुढे 'बहिश्ती जेवर'मध्येही त्यांचा हिशेब घेतला. जी गोष्ट दुसऱ्या धर्मीयांची चाल म्हणून आली, ती सोडा, हा त्यांचा रोख. त्यामागे ती प्रसिद्ध हदीस आहे की जो ज्या समूहाचं अनुकरण करतो तो त्यांच्यातलाच. बरेलीचे मौलाना अहमद रझा खान (1856-1921) यांनी लग्नाच्या रस्मांवर वेगळा रिसाला लिहिला. त्यांचं म्हणणं असं की फुलांना शरीयतने मना केलेलं नाही, फर्जही केलेलं नाही. ती एक चाल आहे, बांधली तर गुनाह नाही, न बांधली तर हरकत नाही. सुगंधी फूल कुणी दिलं तर नाकारू नये, ते वजनाला हलकं आणि वासाला चांगलं असतं, या अर्थाची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. मात्र त्यांची सूटही साध्या फुलांच्या सेहऱ्याला होती, हे भाईजानच्या बाजूने बोलणारे सांगत नाहीत.

गेली शंभर-सव्वाशे वर्षं आपल्या गल्लीबोळांत हा वाद 'तुमची मस्जिद, आमची मस्जिद' असा चालू आहे. मी दोन्हीकडचं जमेल तसं वाचलं. जिथे दोघे भांडतात तो भाग सगळ्यांना पाठ आहे. जिथे दोघांचं एकमत आहे तो भाग कुणी वाचत नाही. नावासाठी खर्च करणं, कर्ज काढून दावत देणं, यावर दोन्हीकडे सारखीच झोड आहे. उधळपट्टी करणाऱ्याला कुरआनने सैतानाचा भाऊबंद ठरवलं आहे (सूरह बनी इस्राईल) आणि त्या आयतीत फुलांचा उल्लेख नाही. अब्दुर्रहमान बिन औफ हे मदिनेतले मोठे व्यापारी. त्यांच्या अंगावर पिवळा रंग दिसला म्हणून पैगंबरांनी विचारलं, तेव्हा कळलं की यांचं लग्न झालंय. म्हणजे खुद्द पैगंबरांना दावतच नव्हती! त्यांनी त्या रंगावरून डाफरलं नाही, बरकतीची दुआ दिली आणि सांगितलं की वलीमा कर, एका बकरीचा का होईना.

आमच्या भागात एका बकरीचं प्रकरण कधीच मागे पडलं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. खामगावचा कापूसबाजार एवढा वाढला की 1870 साली जलंब ते खामगाव खास रेल्वेफाटा टाकून व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते तो सुरू केला. चांदीच्या पेढ्यांसाठी खामगाव आजही रजतनगरी म्हणवतं. पैसा आला की तो लग्नात दिसतो, हे सगळ्या जातींत आणि धर्मांत सारखंच. सेहऱ्यात जर आली, मग चमकी आली, मग दहाच्या नोटा. नोटांचे हार करू नका असं रिझर्व्ह बँक सांगत असते. तो फतवा तर दोन्ही मस्जिदींनी मिळून धाब्यावर बसवला आहे.

याच मातीत याच्या उलटही झालं. महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात साध्या पद्धतीने, जवळपास पानसुपारीच्या खर्चात पहिलं सत्यशोधक लग्न लावलं. फुल्यांचं पहिलं मराठी चरित्र 1927 साली लिहिणारे पंढरीनाथ पाटील आपल्या चिखलीचे. त्या लग्नांतही वधूवर एकमेकांना माळ घालत. पुरोहित गेला, कर्ज गेलं, फूल राहिलं. मला हा क्रम फार शहाणपणाचा वाटतो.

हा आजार आपलाच आहे असं वाटू नये म्हणून दूरची एक गोष्ट. अमेरिकेत टेक्सास राज्यात हायस्कूलची 'होमकमिंग' नावाची जत्रा असते. माजी विद्यार्थी येतात, फुटबॉलचा सामना होतो. त्या दिवशी मुलगा मुलीला शेवंतीचं फूल द्यायचा, ती ते खांद्याशी टाचायची. ही चाल 1930 च्या आसपासची. पुढे शेवंती रेशमाची, प्लॅस्टिकची झाली. खाली रिबिनी आल्या, घुंगरं आली, टेडी अस्वल आलं, दिवे आले. आता ते प्रकरण मुलीच्या गळ्यापासून जमिनीपर्यंत लोंबतं आणि शेकडो डॉलरला पडतं. काही आया म्हणतात, आमची परंपरा आहे. काही म्हणतात, ज्या मुलीला कुणी दिलं नाही तिने त्या दिवशी शाळेत कसं यावं? फोटो पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा आमचा नोटांचा सेहराच आठवला.

आता माझा गुन्हा. माझं लग्न 1994 च्या मे महिन्यातलं. तेव्हा मी पुतण्यापेक्षा जास्त कडक होतो. बरात निघायच्या वेळी माळीबुवांच्या घरची काकू सेहरा घेऊन आली. अब्बांचा सेहरा तिच्या सासूने गुंफला होता, माझा ती गुंफणार हे ठरलेलंच होतं. मे महिन्यात मोगरा टिकत नाही म्हणून ती रात्रभर ओल्या फडक्यात फुलं ठेवून जागली होती. मी सगळ्यांसमोर सांगितलं, हे हिंदूंचं आहे, मी बांधणार नाही. "हिंदूंचं" हा शब्द मी तिच्यासमोर वापरला. ती काही बोलली नाही. सेहरा अम्मीच्या हातात दिला आणि म्हणाली, "राहू द्या भाभी, पोराला गरमी होत असंल." आणि जेवायला न थांबता गेली. अम्मीने तो दाराच्या चौकटीला लावला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तेव्हा फुलं काळी पडली होती.

मी मोठा तीर मारला अशा ऐटीत निकाहला बसलो. सुन्नतप्रमाणे साधं लग्न, असं चार लोकांत सांगितलंही. त्या साध्या लग्नात सहाशे माणसं जेवली. बिर्याणीला, मंडपाला आणि बरातीच्या गाड्यांना अब्बांनी पेरणीसाठी ठेवलेले पैसे काढले, आणि मग बियाणासाठी खामगावच्या एका सावकाराकडून पाच टक्के महिन्याने घेतले. हे मला चार वर्षांनी कळलं. सूद हराम आहे हे मला सेहऱ्याच्या आधीपासून माहीत होतं. मी विचारलंच नव्हतं. सेहरा साठ रुपयांचा होता आणि ते साठही काकूने घेतले नव्हते.

2006 साली शेतकरी आत्महत्यांमुळे पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी पॅकेज जाहीर केलं, त्यात बुलडाणा होता. त्या दिवसांत पेपर वाचताना अब्बांचं ते कर्ज डोळ्यांसमोर यायचं. आमचं फेडलं गेलं, कारण मला नोकरी होती. नसती तर काय झालं असतं, यावर अब्बा आणि मी कधी बोललो नाही.

परवा पुतण्याला फोन केला. म्हटलं, सेहऱ्याचं नंतर पाहू, हॉलचे किती दिले? तो थोडा घुटमळला. हॉल, कॅमेरावाले, ड्रोन आणि चिखलीचा केटरर मिळून जो आकडा त्याने सांगितला तो इथे लिहीत नाही, भाईजान हा लेख वाचतील. म्हटलं, यातलं कर्ज किती? तो म्हणाला, अब्बूंना विचारून सांगतो. अजून सांगितलेलं नाही.

काल संध्याकाळी माळीबुवांच्या घरी गेलो. काकू जाऊन नऊ वर्षं झाली. तिचा नातू आता प्लॅस्टिकची तोरणं आणि वाढदिवसाचे फुगे विकतो. म्हटलं, मोगऱ्याचा साधा सेहरा होईल का, बिगर चमकीचा, छातीपर्यंतच? तो म्हणाला, "सर, मला गुंफता येत नाही, पण आईला येतं. मोगरा रात्री आणावा लागंल." मग त्याने विचारलं, "पण तो बांधंल का?"

मी म्हटलं, आईला विचारून ठेव.