नरवानर गणाच्या सीमारेषा : वृक्षचिचुंद्रीच्या वर्गीकरणाचा इतिहास

प्रस्तावना

प्राण्यांचे वर्गीकरण म्हणजे केवळ नावांची यादी नव्हे. कोणत्या प्राण्यास कोणाच्या शेजारी बसवावे, या निर्णयामागे त्या काळातील पुराव्याइतकीच त्या काळातील विचारपद्धतीही उभी असते. मनुष्याचा समावेश असलेल्या नरवानर गणाच्या बाबतीत हे विशेष प्रकर्षाने जाणवते. आग्नेय आशिया व भारतात आढळणारी, खारीसारखी दिसणारी वृक्षचिचुंद्री या गणात कधी घेतली गेली, तर कधी वगळली गेली. या स्थित्यंतराचा आढावा घेऊन त्यामागील पद्धतिशास्त्रीय प्रश्न स्पष्ट करणे, हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

प्रारंभीची वर्गीकरणे

लिनियसने १७५८ मध्ये ‘प्रायमेट्स’ हा गण मांडला. त्यात मनुष्य, वानरे व लेमूर यांच्यासोबत वटवाघळेही होती. झाडावरून झाडावर तरंगत जाणारा कोलुगो हा प्राणीही लेमूर म्हणूनच नोंदला गेला होता. पुढे ब्लूमेनबाख व क्यूव्हिए यांनी मनुष्यास ‘द्विहस्त’ व वानरांना ‘चतुर्हस्त’ अशा स्वतंत्र गणांत ठेवले. थॉमस हक्स्ले याने १८६३ मध्ये शरीररचनेच्या आधारे ही विभागणी अमान्य ठरवून मनुष्यास पुन्हा नरवानर गणात आणले.

वृक्षचिचुंद्रीस ‘तुपाया’ हे प्रजातीनाम स्टॅम्फर्ड रॅफल्स याने १८२१ मध्ये दिले. मलाय भाषेत ‘तुपाई’ म्हणजे खार. भारतीय द्वीपकल्पातील वृक्षचिचुंद्रीचे वर्णन वॉटरहाऊसने १८५० मध्ये केले. तिच्या जातिनामात वॉल्टर एलियट या मद्रास सेवेतील अधिकाऱ्याची स्मृती आहे. दक्षिण मराठा मुलुखातील सस्तन प्राण्यांची सूची १८३९ मध्ये प्रसिद्ध करणारा एलियट तो हाच. त्या काळी वृक्षचिचुंद्रीची गणना सामान्यतः कीटकभक्षी गणात होत असे. विल्यम ग्रेगरी याने १९१० मध्ये नरवानर, वटवाघळे, कोलुगो व वृक्षचिचुंद्री यांना ‘आर्कोंटा’ या एका महागणात एकत्र आणले.

नरवानर गणात प्रवेश

अल्बर्टिना कार्लसन हिने १९२२ मध्ये वृक्षचिचुंद्रीचे लेमूरांशी असलेले साम्य दाखविले. सारावाकमध्ये वैद्यकीय अधिकारी राहिलेल्या ल ग्रो क्लार्क याने तिच्या कवटीचा व मेंदूचा सूक्ष्म अभ्यास केला. डोळ्याभोवतीचे अस्थिवलय आणि मेंदूतील दृष्टिकेंद्राचा विकास या लक्षणांवर त्याचा भर होता. जॉर्ज गेलॉर्ड सिम्प्सन याने १९४५ मधील आपल्या सस्तन प्राण्यांच्या वर्गीकरणात वृक्षचिचुंद्रीस नरवानर गणात स्थान दिले आणि पुढील दोन दशके हे मत पाठ्यपुस्तकांतून प्रमाण मानले गेले. चिचुंद्रीसारख्या प्राण्यापासून लेमूर, लेमूरापासून वानर आणि वानरापासून मनुष्य अशी चढती शिडी मांडताना तिची पहिली पायरी म्हणून वृक्षचिचुंद्री सोयीची ठरली, हेही या लोकप्रियतेचे एक कारण होते.

पुनर्विचार

१९६० च्या दशकात या मतास आव्हान मिळाले. व्हॅन व्हॅलेन याने १९६५ मध्ये जीवाश्मांच्या पुराव्यावरून शंका उपस्थित केली. रॉबर्ट मार्टिन याने प्रजननवर्तनाचा अभ्यास करून दाखविले की वृक्षचिचुंद्रीची मादी पिलांना वेगळ्या घरट्यात ठेवते व सुमारे ४८ तासांतून एकदाच दूध पाजते. नरवानरांतील दीर्घ व निकट मातृसंगोपनाशी हे जुळणारे नव्हते. याच सुमारास विली हेनिग याचे विचार इंग्रजीतून (१९६६) सर्वत्र पोहोचले. केवळ साम्य असणे पुरेसे नाही. ते साम्य दूरच्या पूर्वजांकडून आलेले आद्य लक्षण आहे, स्वतंत्रपणे उद्भवलेले आहे, की निकटच्या सामाईक पूर्वजाकडून आलेले नवे लक्षण आहे, हे ठरवावे लागते. डोळ्यामागील अस्थिदंड घोडा, गाय यांसारख्या प्राण्यांतही असतो. त्यामुळे केवळ त्यावरून नाते सिद्ध होत नाही. लकेट याने १९८० मध्ये संपादित केलेल्या ग्रंथानंतर वृक्षचिचुंद्रीचा स्वतंत्र ‘स्कँडेन्शिया’ गण सर्वमान्य झाला.

रेणवीय पुरावा

जनुकक्रमांच्या २००१ मधील विस्तृत तुलनेतून वटवाघळे नरवानरांपासून दूर, मांसाहारी व खुरी प्राण्यांच्या शाखेत गेली आणि ग्रेगरीचा महागण मूळ स्वरूपात टिकला नाही. उरलेले तीन गण मात्र कृंतक व ससे यांच्या शेजारच्या शाखेत आढळले. २००७ मधील संशोधनाने कोलुगो हा नरवानरांचा सर्वांत निकटचा हयात नातलग असल्याचे दर्शविले. २०१६ मध्ये कोलुगोच्या संपूर्ण जीनोमच्या अभ्यासानेही त्यास पुष्टी दिली. वृक्षचिचुंद्री या जोडीस निकट की कृंतकांस, याविषयी मात्र वेगवेगळ्या विश्लेषणांत मतभिन्नता आहे.

समारोप

हा वाद केवळ तज्ज्ञांपुरता नाही. यकृतदाह व दृष्टिदोष यांच्या संशोधनात वृक्षचिचुंद्री प्रयोगप्राणी म्हणून वापरली जाते. तिच्यावरील निष्कर्ष मनुष्यास कितपत लागू करावेत, याचा विचार करताना तिचे नाते महत्त्वाचे ठरते. अध्यापनाच्या दृष्टीनेही यातून एक बोध मिळतो. वृक्षचिचुंद्री ही मनुष्याची पूर्वज नव्हे. मनुष्याइतकाच काळ स्वतःच्या वाटेने उत्क्रांत होत आलेली ती समकालीन जाती आहे. हयात प्राण्यांना शिडीच्या पायऱ्या मानण्याची सवय सुटली, तेव्हाच तिचे खरे स्थान शोधण्याचा मार्ग मोकळा झाला. वर्गीकरणाचा तक्ता विद्यार्थ्यांपुढे ठेवताना तो कोणत्या पुराव्यावर व कोणत्या गृहीतकांवर उभा आहे, हेही सांगणे त्यामुळेच आवश्यक ठरते.