गाणं एकीचं की पथकाचं?



मागच्या महिन्यात आमच्या ग्रामसंघाची बैठक होती. बचत जमा झाली, कर्जफेडीचा हिशेब झाला, इतिवृत्तावर सह्या झाल्या. मग शेवटी एक विषय निघाला. आपलं गाण्याचं पथक बंद करायचं का?

पथक सुरू केलं तेव्हा आम्ही नऊ जणी होतो. एक ढोलकी, दोन खंजिऱ्या, टाळांची एक जोडी, एवढंच सामान. पोरींच्या शिक्षणावर, दारूवर, सावकाराच्या व्याजावर गाणी म्हणायचो. आता पाच जणी उरलो. एक जण कुटुंबासोबत वीटभट्टीवर गेली. एकीच्या सासूला लकवा झाला, तिला घर सोडता येत नाही. एकीचं शिलाईचं काम वाढलं. आणि जिच्या गळ्यावर सगळं पथक चालायचं, त्या ताई मुलाकडे बुटीबोरीला राहायला गेल्या. गाण्याची वही त्यांच्याच पेटीत होती, तीही सोबत गेली. आम्हा पाच जणींना धृपदं तेवढी येतात, कडवी येत नाहीत. मग पथक ठेवायचं कशाला, ढोलकी विकून पैसे गटात जमा करू, असं काही जणींचं म्हणणं पडलं.

आमच्यातल्या एका मावशींची नात नागपूरला कॉलेजात शिकते. सुटीत आली होती, त्या दिवशी चहा द्यायला तीच होती. ती पोट्टी म्हणाली, "आजी, आमच्या बँडमधले एका वर्षात तिघं बदलले. पहिल्या चौघांतली मी एकटीच उरली. पण आम्ही बंद नाही केलं." ती ड्रम वाजवते. कोणता बँड ग, विचारलं तर म्हणाली, पंक.

पंक म्हणजे काय ग बाप्पा? मग तिनं सांगितलं आणि नंतर आम्हीही थोडं वाचलं. १९७६ च्या सुमारास इंग्लंडमध्ये, लंडन शहरात, तरुण पोरापोरींनी हे गाणं सुरू केलं. पोरांना कामधंदा मिळत नव्हता. मोठमोठे गवई आणि महागडी वाद्यं आपल्या आवाक्यातली नाहीत, तर आपण येईल तसं वाजवू, पण आपलं बोलणं आपणच बोलू, असा त्यांचा हेका होता. त्यात 'द स्लिट्स' नावाचा पोरींचा बँड होता. गाणारी आरी अप तेव्हा फक्त १४ वर्षांची. ड्रमवर स्पेनहून आलेली पामोलिव्ह. पहिल्या चौघींपैकी दोघी काही महिन्यांतच बदलल्या. पुढं १९७८ मध्ये पामोलिव्हही गेली. १९७९ ला त्यांची पहिली मोठी रेकॉर्ड निघाली, तेव्हा ड्रमवर एक मुलगा होता. पण ती असताना सगळ्यांनी मिळून बांधलेली गाणी त्या रेकॉर्डवर आहेत, आणि ती बांधणाऱ्यांत तिचंही नाव आहे.

हे ऐकून आम्हाला वाटलं, हे तर आपल्या मुलखातही होऊन गेलं आहे. तेही त्याच्या तीस वर्षं आधी, ढोलकी आणि डफावर. आज त्याचीच गोष्ट सांगतो. ती आहे लाल बावटा कलापथकाची.

सन १९४४. इंग्रजांचं राज्य होतं, दुसरं महायुद्ध चालू होतं. वर्षभरापूर्वीच बंगालात मोठा दुष्काळ पडून लाखो माणसं भुकेनं मेली होती. मुंबईत परळ-लालबागकडं कापडाच्या गिरण्या होत्या. आपल्या नागपूरलाही एम्प्रेस मिल १८७७ पासून होती, त्यामुळं गिरणीचा भोंगा, पाळी आणि चाळ हे आपल्याकडच्या जुन्या माणसांना सांगावं लागत नाही. अशा गिरणी कामगारांसमोर आणि शेतकऱ्यांसमोर गाण्यासाठी कम्युनिस्ट पक्षाच्या तीन कार्यकर्त्यांनी हे पथक उभं केलं. आपला गट कोणत्या पक्षाचा नाही. आपण इथं बघतोय ते एवढंच, की पथक उभं कसं राहिलं आणि टिकलं काय.

पहिले अण्णा भाऊ साठे. जन्म १ ऑगस्ट १९२० चा, सांगलीकडच्या वाटेगावचा, मातंग समाजातल्या गरीब घरात. खरं नाव तुकाराम. आईचं नाव वालुबाई. शाळा जवळजवळ झालीच नाही. लहानपणीच आईबापासोबत गावाहून मुंबईपर्यंत पायी आले. मुंबईत हमाली केली, कोळसा वेचला, गिरणीत काम केलं. दुकानांच्या पाट्या वाचून अक्षर गिरवलं असं सांगतात. नात्यातल्या बापू साठे यांच्या तमाशात ते होते, म्हणून ढोलकी, तुणतुणं, सवाल-जवाब सगळं अंगात भिनलेलं.

दुसरे अमर शेख. जन्म २० ऑक्टोबर १९१६, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. खरं नाव मेहबूब पटेल. पाणी भरलं, मोटारीवर क्लीनरचं काम केलं, गिरणीत राबले, संपात तुरुंगात गेले. त्यांचा आवाज पहाडी होता. पण गाण्याचा पहिला धडा कोणाचा? आई मुनेरबीचा. तिच्या जात्यावरच्या ओव्या ऐकत ते वाढले. मैत्रिणींनो, मोठ्या शाहिरांच्या मागं जाऊन बघा, कुठं ना कुठं जातं फिरताना ऐकू येतं.

तिसरे द. ना. गवाणकर. तेही शाहीर, पोवाडे रचणारे आणि गाणारे. त्यांचं नाव आज पहिल्या दोघांपेक्षा कमी ऐकू येतं.

एकाची लेखणी, एकाचा गळा, एक दोन्हीकडं उभा राहणारा. आणि मागं झील धरणारे. पोवाड्यात मुख्य शाहीर कडवं म्हणतो आणि मागचे शेवटचा तुकडा उचलतात, जी-जी म्हणत सूर धरून ठेवतात, त्यांना झीलकरी म्हणतात. झीलकरी नसले तर शाहिराला श्वास घ्यायलाही जागा मिळत नाही.

त्यांनी काय केलं, तर लोकांच्या ओळखीचा तमाशाच घेतला. आपल्या विदर्भात जशी दंडार आणि खडी गंमत, तसा तिकडं तमाशा. त्यात आधी गणपतीचा गण, मग गवळण, मग बतावणी, शेवटी वग. सत्यशोधकांच्या आणि आंबेडकरी जलशांनी हा साचा आधीच बदलायला घेतला होता. अण्णा भाऊंनी तो आपल्या कामाचा केला. सुरुवातीला गणपतीऐवजी मायभूमीला आणि देशासाठी मेलेल्या माणसांना वंदन. गवळण काढून टाकली. वगात राजाराणीच्या जागी शेतकरी, सावकार, शेटजी आणि पुढारी आले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे' ही नावंच बघा, गोष्ट कोणावर आहे ते लगेच कळतं. याला ना पडदा लागे, ना शालू, ना भरजरी फेटा. मैदानात चार माणसं उभी राहिली की खेळ सुरू.

जे लोकांना आवडलं, ते सरकारला आवडलं नाही. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी घातली. त्याच काळात कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकडही चालू होती. पथकातला गडी आज आहे, उद्या नाही, अशी गत. अण्णा भाऊंनी त्यावर वाट काढली. तमाशाला बंदी आहे ना, मग आम्ही तमाशा करतच नाही, आम्ही लोकनाट्य करतो. ढोलकी तीच, बोलणं तेच, नाव नवं. आज आपण सहज लोकनाट्य म्हणतो, त्या शब्दामागं ही अशी लढाई आहे.

पुढं त्यांच्यातच फाटाफूट झाली. अमर शेखांनी स्वतःचं वेगळं कलापथक काढलं. अण्णा भाऊ कथा-कादंबऱ्यांकडं वळले. त्यांची 'फकिरा' १९५९ साली आली आणि तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. पहिलं तिघांचं पथक जसं होतं तसं राहिलं नाही.

पण मग पथक फसलं का? १९५६ साली संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली. मुंबईसह मराठी माणसांचं एक राज्य हवं, ही मागणी. आपल्या विदर्भात यावर दोन मतं होती, आजही आहेत, ते सांगायलाच हवं. पण मुंबईत आणि गावोगावच्या सभांत तेव्हा काय वाजत होतं? याच शाहिरांचे डफ. आता ते एका पथकात नव्हते, पण एकाच मैदानात होते. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड तेव्हाचीच. पोटासाठी मुंबईला आलेला गडी, गावात राहिलेली त्याची बायको, आणि तिच्या आठवणीतून सांगितलेली महाराष्ट्राच्या ताटातुटीची गोष्ट. आपल्यातल्या ज्यांचे नवरे कामाला परगावी आहेत, त्यांना तिचा अर्थ कोणी समजावून सांगायला नको. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं.

अण्णा भाऊ १८ जुलै १९६९ ला गेले. त्यानंतर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. एका पावसाळ्यात दोघंही गेले. गाणी मात्र राहिली, आजही म्हणतात. कारण ती लिहिलेली होती, छापलेली होती, आणि एकाच गळ्यात अडकलेली नव्हती. झीलकऱ्यांना येत होती, मैदानात ऐकणाऱ्यांना येत होती, नवीन पोरं ती उचलत होती.

एक गोष्ट मात्र आम्हाला टोचली. अण्णा भाऊंचे पुतळे आहेत, जयंत्या होतात. अमर शेखांचं नाव आहे. गवाणकर मागं पडले. आणि ज्यांनी रात्र रात्र झील धरली, ढोलकी वाजवली, सामान डोक्यावरून नेलं, त्यांची नावं किती जणांना येतात? आम्ही बैठकीत विचारलं, एकीलाही एक नाव सांगता आलं नाही. मग आम्ही आपल्याकडं पाहिलं. आमच्या पथकाच्या पहिल्या नऊ जणींची नावं तरी कुठं लिहिलेली आहेत का? इतिवृत्तात कर्जाचा पैसा न् पैसा आहे, पण गाणाऱ्या बायांची नावं नाहीत. वीटभट्टीवर गेलेल्या आमच्या बाईनं व्याजावरच्या गाण्याचं शेवटचं कडवं रचलं होतं, हे आमच्या पाच जणींनंतर कोणाला कळणार?

ढोलकी विकायची नाही, असं ठरलं. सगळ्यांना पटलं असं नाही. एक काकू म्हणाल्या, "गाण्यानं हप्ता फिटत नाही." खरं आहे, नाही फिटत. पण त्या काकूच गटात कशा आल्या, तर आमचं व्याजाचं गाणं ऐकून. हे त्यांना आठवण करून दिलं तेव्हा त्या हसल्या आणि ठरावावर सही केली.

ठराव असा. पथकात बाया येतील, जातील. लग्न, बाळंतपण, मजुरी, आजारपण बाईला चुकत नाही, त्यासाठी कोणावर रुसायचं नाही. प्रत्येक गाणं निदान तिघींना पूर्ण यायला हवं. वही ग्रामसंघाच्या कपाटात राहील, एकीच्या पेटीत नाही. प्रत्येक गाण्याखाली ते कोणी रचलं, कोणी चाल दिली, कोणी वाजवलं हे लिहायचं. आणि कोणी सोडून गेली तरी तिचं नाव खोडायचं नाही.

मग आम्ही दोघी बुटीबोरीला गेलो. ताईंनी पेटीतून वही काढून दिली. आम्ही वाचत होतो आणि त्या चुका काढत होत्या. संध्याकाळपर्यंत अकरा गाणी उतरवून झाली. बारावं त्यांनी लिहिलंच नव्हतं, ते त्यांच्या फक्त डोक्यात होतं. ते त्यांनी तिथंच म्हणून दाखवलं, आणि सून भाकरी थापता थापता झील धरू लागली. तिचंही नाव आम्ही वहीत लिहिलं.

तर मैत्रिणींनो, तुमच्या गावात भजनी मंडळ असेल, दंडारीचा संच असेल, भीमगीतांचं पथक असेल, नाहीतर भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या चार आज्या असतील. पुढच्या बैठकीला एक कोरी वही घेऊन जा. पहिल्या पानावर पहिल्या बायांची नावं लिहा. ज्या आज नाहीत, त्यांची आधी.