‘क्वाइट गुड’ म्हणजे नक्की किती?

एक चूक कबूल करायला बसले आहे.

माझी नात इंग्लंडमध्ये शाळेत जाते. तिच्या निबंधावर बाईंनी ‘क्वाइट गुड’ असा शेरा दिला. मी फोनवर म्हटलं, “अगं वा! अगदी छान म्हणतात की बाई!” पोरगी गप्पच. मग हळूच म्हणाली, “आजी, इथे त्याचा अर्थ ‘ठीक आहे’ एवढाच होतो.”

तीस वर्षं मी फळ्यावर ‘क्वाइट म्हणजे अगदी’ असं लिहीत आले. तर्खडकर घोकून इंग्रजी शिकलेली मी, मलाही तसंच शिकवलं होतं. रात्री कोश काढून बसले. सोडणं या अर्थाच्या ‘क्विट’चा हा भाऊ. मूळ अर्थ मोकळा, सुटलेला. त्यावरून चौदाव्या शतकात ‘पूर्णपणे’. ‘बऱ्यापैकी’ हा अर्थ आला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पण जुना काही गेला नाही. ‘क्वाइट राइट’ म्हणजे आजही अगदी बरोबर. बरोबर हे कमी-जास्त नसतंच ना! ‘गुड’ मात्र कमी-जास्त असतं, म्हणून तिथे इंग्रज माणूस एक पायरी खाली उतरतो. अमेरिकेत पुन्हा उलटं, तिथे ‘क्वाइट गुड’ ही खरीच शाबासकी. म्हणजे मी अगदीच चुकले नव्हते, देश चुकले!

अर्धवट होकाराची ही इंग्रजी तऱ्हा जुनी आहे. ९ नोव्हेंबर १८९५ च्या ‘पंच’मध्ये जॉर्ज द्यू मोरिए यांचं एक व्यंगचित्र आलं होतं. बिशपच्या घरी न्याहारीला बसलेला एक क्युरेट, म्हणजे चर्चमधला कनिष्ठ धर्मगुरू. त्याच्या पुढ्यातलं अंडं नासकं. बिशपसाहेबांच्या ते लक्षात येतं, पण हा बिचारा भिडेपोटी सांगतो की त्यातला काही भाग उत्तम आहे. अंडं कुठे काही भागच नासतं? गंमत तीच होती. पण पुढे लोक ‘क्युरेटचं अंडं’ हे खरोखरच काही बरं, काही वाईट अशा गोष्टीला म्हणू लागले. विनोद गळला, वाक्प्रचार उरला.

इव्हलिन वॉ यांच्या १९३८ च्या ‘स्कूप’ कादंबरीत वर्तमानपत्राच्या मालकाला ‘नाही’ म्हणायची सोय नसते. साहेब बरोबर असले तर हाताखालचा माणूस ‘निश्चितच’ म्हणतो, चुकले तर ‘अप टू अ पॉइंट’. आणि मी वर्गात त्याचं भाषांतर ‘एका मर्यादेपर्यंत’ असं करून पुढच्या धड्याकडे वळत असे!

आपल्याकडे तरी काय वेगळं? स्थळ कसं वाटलं विचारल्यावर “तसं बरं आहे” असं उत्तर आलं, की घरातली सगळी काय ते समजतात. ते कुणाला पुस्तकातून शिकावं लागत नाही.

असो. परवा नातीने पुढचा निबंध दाखवला. शेरा होता ‘नॉट बॅड’. मी या खेपेला तोंड उघडलं नाही, तिच्याकडे बघत बसले. तीच हसत म्हणाली, “आजी, हा चांगला असतो!”