परत आलेली दुनळी

मराठी टंकलेखन शिकलेल्या कुणालाही 'रेमिंग्टन म्हणजे काय?' असे विचारले तर 'की-बोर्ड' हेच उत्तर मिळेल. टायपिंगच्या क्लासमध्ये ज्या रचनेवर बोटे बसवली जातात तिचे ते नाव. पण हे नाव टाइपरायटरला एका बंदुकीच्या कारखान्याने दिले. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, मोहॉक नदीच्या खोऱ्यात इलियन नावाचे छोटे गाव आहे. एलिफलेट रेमिंग्टन नावाच्या तरुणाने १८१६ मध्ये वडिलांच्या लोहारशाळेत बंदुकीची नळी घडवली. पुढे १८२८ मध्ये ईरी कालव्याच्या काठी, इलियनला त्याने कारखाना हलवला. त्याच कारखान्याने १८७३ मध्ये टाइपरायटर बनवायचे काम हाती घेतले आणि १८८६ मध्ये तो धंदा विकूनही टाकला. नाव तेवढे यंत्राबरोबर जगभर गेले. बंदुका इलियनलाच राहिल्या.

आज लिहायचे आहे ते त्या कारखान्यातल्या एका बंदुकीबद्दल. ती बंद पडली, आणि नंतर एकदा नव्हे, दोनदा परत आली.

भाषेचा शिक्षक असल्यामुळे आधी शब्दाकडे वळतो. अरबीत 'बुंदुक' म्हणजे हेझलनट हे कवचाचे फळ. त्या आकाराची मातीची गोळी धनुष्यातून मारत, म्हणून गोळीलाही तेच नाव पडले. इजिप्तचा मामलूक सुलतान बैबर्स (मृत्यू १२७७) 'अल-बुंदुकदारी' म्हणवला जाई, तेव्हा त्याच्या सैन्यात बारुदाची बंदूक नव्हतीच. गोळीचे नाव नळीला मिळाले ते नंतर. मराठीने 'बंदूक' उचलली आणि दोन नळ्यांच्या बंदुकीला स्वतःचा सुटसुटीत शब्द दिला : दुनळी.

आपल्याकडे जुन्या फोटोत शिकारी साहेबाच्या हातात दिसते ती दुनळी शेजारी-शेजारी नळ्यांची. दुसरा प्रकार एकावर एक नळ्यांचा. त्याचा फायदा असा की नेम धरताना डोळ्यासमोर एकच नळी येते, रुंद पट्टा नाही. हवेत फेकलेल्या मातीच्या तबकड्या फोडण्याच्या खेळात हा फरक मोठा ठरतो. पण बनवायला हा प्रकार महाग. दोन्ही नळ्या एकाच जागी मारा करतील अशा बसवाव्या लागतात. नळ्या समांतर जोडल्या म्हणून छर्रे एका ठिकाणी पडत नाहीत. बार उडताना धक्का बसतो, बंदूक उसळते, आणि वरच्या नळीचा धक्का खालच्यापेक्षा वेगळा असतो. म्हणून जोडायच्या, झाडून पाहायच्या, किंचित हलवायच्या, पुन्हा झाडायच्या. नळी सरळ आहे की नाही हे जुने कारागीर तिच्यातून उजेडाकडे पाहून, आतल्या सावलीच्या रेषेवरून ओळखत. हा हुनर पुस्तकातून येत नाही. उस्तादाच्या शेजारी वर्षानुवर्षे उभे राहावे लागते.

या खटाटोपातून वाट काढणारी बंदूक रेमिंग्टनने १९३२ मध्ये आणली. तिचे नाव मॉडेल ३२. तिची खुबी दोन गोष्टींत होती. पहिली, दोन नळ्यांमध्ये फट. एरवी दोन्ही नळ्यांच्या मध्ये लांबच्या लांब पट्टी डाखून त्या एकजीव करतात. इथे नळ्या मागे घट्ट धरलेल्या, पुढे तोंडाशी एका दुव्याने जोडलेल्या आणि मधला भाग मोकळा. एक नळी तापून प्रसरण पावली तर ती दुसरीला ओढत नाही, आणि फटीतून वारा खेळत असल्यामुळे दोन्ही लवकर निवतात. तबकड्यांच्या खेळात माणूस एका बैठकीत शंभर-शंभर बार काढतो, हे लक्षात घेतले की या फटीची किंमत कळते. दुसरी खुबी कुलुपाची. बंदूक मिटली की वरून एक पोलादी झाकण पुढे सरकून नळ्यांच्या मागच्या टोकावर बसते, पेटीच्या सरकत्या झाकणासारखे. झीज झाली तर झाकण जरा आणखी पुढे सरकते आणि पकड तशीच राहते.

बंदूक उत्तम होती, पण तिची वेळ वाईट. अमेरिकेत महामंदी चालू होती आणि हौसेच्या महाग बंदुकीला गिऱ्हाईक थोडे. त्यात दुसरे महायुद्ध आले, इलियनचा कारखाना लष्करी रायफली बनवू लागला आणि मॉडेल ३२ बंद झाली. शांतता झाल्यावरही कंपनीने ती पुन्हा काढली नाही. इतके हातकाम युद्धानंतरच्या मजुरीत परवडणारे नव्हते. मैदानावरच्या नेमबाजांनी मात्र ती सोडली नाही. असलेल्या जपून वापरल्या जात होत्या.

ती पहिल्यांदा परतली ती परदेशात. जर्मनीतले झूल हे बंदूकसाजांचे जुने गाव. तिथे क्रीगहॉफ घराण्याची पेढी १८८६ पासून होती. ही मंडळी धुतल्या तांदळासारखी नव्हती, नाझी काळात त्यांनी जर्मन हवाईदलासाठी शस्त्रे बनवली होती. १९४५ मध्ये झूल सोव्हिएत ताब्यात गेले आणि घराणे पश्चिमेकडे उल्म शहरात येऊन पुन्हा शून्यातून उभे राहिले. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी रेमिंग्टनच्या त्या बंद पडलेल्या दुनळीची रचना घेतली आणि के-३२ नावाने बनवायला सुरुवात केली. तेच सरकते झाकण, तीच मोकळी फट. १९८० मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती के-८० आली. तोंडाजवळचा दुवा तिच्यात बदलता येतो. वेगळ्या मापाचा दुवा लावला की माऱ्याची जागा बदलते. कारागिराचे जोडून-पाहण्याचे काम असे एका छोट्या सुट्या भागात उतरवले.

दुसऱ्यांदा ती घरी परतली. रेमिंग्टनने १९७३ मध्ये मॉडेल ३२०० काढली. रचनेचा वारसा उघड होता, वजनाला ती चांगलीच जड होती. दहाएक वर्षांत तीही बंद झाली. ज्या वर्षी ती आली त्याच वर्षी ब्राउनिंग कंपनीने जपानमधल्या मिरोकू कारखान्यात बनलेली सिटोरी ही दुनळी बाजारात उतरवली होती, आणि सिटोरी पुढे दशकानुदशके विकली जात राहिली. नकाशा इलियनचा, नाव इलियनचे, तरी बंदूक टिकली उल्ममध्ये. माझ्या मते कारण साधे आहे. उल्मच्या पेढीचे पोट प्रामुख्याने याच कामावर होते, म्हणून तिथे हात तयार होत राहिले. इलियनमध्ये ही बंदूक यादीतल्या अनेकांपैकी एक होती, आणि तीसेक वर्षांच्या खंडात शेजारी उभे राहून शिकवणारा निवृत्त झालेला असतो. उर्दू वर्तमानपत्रांचे कातिब आठवा. संगणकावरची नस्तालीक आल्यावर ते गेले. उद्या कुणी हाताने लिहिलेले दैनिक काढायचे ठरवले तर शाई मिळेल, कातिब कुठून आणणार?

यापुढची गोष्ट बंदुकीपेक्षा मालकांची आहे. २००७ मध्ये सर्बेरस नावाच्या गुंतवणूक कंपनीने रेमिंग्टन विकत घेतली. कर्ज वाढत गेले. १४ डिसेंबर २०१२ रोजी सँडी हूक या प्राथमिक शाळेत एका तरुणाने २० मुले आणि ६ मोठी माणसे मारली. त्याच्या हातातली बुशमास्टर रायफल याच समूहाचा माल होती. मी रोज वर्गात उभा राहणारा माणूस आहे, हुनराबद्दल लिहिताना ही ओळ गाळणे मला जमणार नाही. तबकड्या फोडणारी दुनळी आणि ती रायफल एक नव्हेत, पण पैसा एकाच गल्ल्यात जात होता. मुलांच्या कुटुंबांनी जाहिरातींच्या मुद्द्यावर खटला लढवला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ७ कोटी ३० लाख डॉलरची तडजोड झाली.

त्याआधी कंपनीचे २०१८ आणि २०२० असे दोनदा दिवाळे निघाले होते. दुसऱ्या वेळी तुकडे पाडून ती विकली गेली आणि इलियनच्या ५८५ कामगारांना एका फटक्यात काढले गेले. २०२१ मध्ये नव्या मालकांनी कारखाना पुन्हा उघडला, तेव्हा जुन्यांतले काहीजण आपल्या यंत्रांशी परतले. नोव्हेंबर २०२३ मध्ये बंद करण्याची सूचना आली आणि मार्च २०२४ मध्ये इलियनचे दरवाजे मिटले. काम दक्षिणेला जॉर्जिया राज्यात गेले. इलियनमध्ये आजोबा, बाप आणि लेक अशा तीन पिढ्या एकाच फाटकातून आत गेलेली घरे होती. त्यातल्या कितींनी मुलेबाळे घेऊन हजाराहून कितीतरी जास्त किलोमीटरवर जायचे? के-८० अजून उल्ममध्ये बनते आहे.