गाळाने घडवलेले नांदूर मध्यमेश्वर

नांदूर मध्यमेश्वरचा जलाशय पक्ष्यांसाठी बांधलेला नाही, हे आपल्याला सहलीला नेताना कोणी सांगितले होते का, मला आठवत नाही. आपण आठवीत होतो, डबे खाल्ले, एकाच दुर्बिणीसाठी भांडलो आणि चिखलाने माखलेले बूट घेऊन परत आलो. अभयारण्य जाहीर होऊन तेव्हा जेमतेम काही वर्षे झाली होती.

खरी गोष्ट दुष्काळापासून सुरू होते. 1876-78 आणि 1899-1900 च्या दुष्काळांनी दख्खन होरपळून निघाले. त्यानंतर 1901 मध्ये इंग्रज सरकारने सिंचन आयोग नेमला आणि अवर्षणग्रस्त भागात पाटबंधाऱ्यांच्या कामांना जोर आला. सह्याद्रीच्या पायथ्याला दारणा धरण बांधायचे, त्याचे पाणी नदीतूनच खाली सोडायचे आणि गोदावरी-कादवेच्या संगमावर बंधारा घालून ते दोन्ही तीरांच्या कालव्यांत वळवायचे, अशी ही योजना. दारणा 1916 च्या सुमारास पूर्ण झाले. कोपरगावकडचा ऊस याच कालव्यांवर उभा राहिला. म्हणजे आपल्या तालुक्यातला हा बंधारा पाणी साठवण्यापेक्षा पुढे ढकलण्यासाठी होता.

नदी मात्र पाण्याबरोबर मातीही आणते. बंधाऱ्यामागे वेग मंदावला की ती खाली बसते. वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, पाणी उथळ झाले, मधे बेटे तयार झाली, लव्हाळे आणि पाणवनस्पती वाढल्या. आमच्या धंद्यात याला सरळ बिघाड म्हणतील. साठवणक्षमता घटली, काम संपले. पण गुडघाभर पाणी आणि मऊ चिखल म्हणजे चिखल्या, तुतारी, चमचे, थापट्या बदकांचे ताट. हिवाळ्यात उत्तरेकडून चक्रवाक, तलवार बदक, क्रौंच येऊ लागले. डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटल्याचे सांगतात. 1986 मध्ये सुमारे 100 चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी 2020 मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याचे नाव जगाच्या यादीत गेले. लोणारचा क्रमांक त्याच वर्षी, पण नंतर लागला. (आपल्या तालुक्याने लोणारला मागे टाकले, याचा मला अजून आनंद होतो.)

आता अडचणीची बाजू. आपल्या वर्गात सायखेडा आणि चांदोरीची मुले होती. 2016 आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला तेव्हा तिथल्या बाजारपेठेत पाणी शिरले. बंधाऱ्यात गाळ भरल्याने पाणी मागे फुगते, तो काढा, अशी तिथली मागणी आहे आणि ती मला अजिबात चुकीची वाटत नाही. दुकानात छातीभर पाणी पाहिलेल्या माणसाला रोहित पक्ष्याचे कौतुक कोण सांगणार? पण सगळाच गाळ उपसून तळे खोल केले, तर चिखलात चोच घालणारे पक्षी राहणार नाहीत. शिवाय अभयारण्याच्या हद्दीत शेती आणि वस्त्याही आहेत. त्या लोकांना ‘अभयारण्य’ हा शब्द नियमांच्या धाकासारखाच ऐकू येतो.

माझे मत विचाराल तर वाद गाळ ठेवायचा की काढायचा एवढाच नको. नदीच्या मुख्य धारेतला काढता येईल का, बेटांभोवतीचा ठेवता येईल का, हे मोजून ठरवता येते. मात्र त्यासाठी पूर सोसणारे आणि पक्षी मोजणारे एका टेबलाशी बसावे लागतील. नाशिककडून येणाऱ्या सांडपाण्याचाही हिशेब तिथेच मांडावा. जलपर्णी त्याच्यावरच पोसते, आणि ती ना पक्ष्यांच्या कामाची ना शेतकऱ्यांच्या.

संमेलनानंतर जानेवारीत पुन्हा जायचे ठरते आहे. पहाटे चापडगावच्या मनोऱ्यावर पोचायला हवे, ऊन चढले की पक्षी लांब सरकतात. परतताना चांदोरीला थांबू. आपले तिथले वर्गमित्र पुराचे पाणी भिंतीवर कुठवर चढले होते ते दाखवतील.