लग्नगडी आणि त्याचें अपत्य

शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील कातकरी, ठाकूर, वारली इत्यादि जमातींच्या बालकांनीं पूर्वीं काय काय सोसलें, हें ठरविण्यास साधनें कोणतीं, असा प्रश्न आम्ही येथें घेतों. साधनें अगदींच नाहींत असें नाहीं. तीं विखुरलेलीं आहेत.

मुंबई सरकारनें नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांचें प्रतिवेदन १९३८ सालचें. लग्नासाठीं सावकाराचें कर्ज काढून तें फिटेपर्यंत त्याच्याकडे राबणारा जो 'लग्नगडी', त्याचें दैन्य, त्याला होणारी मारहाण व त्याच्या बायकोचे हाल त्यांत आले आहेत. परंतु हा तपास 'अंशतः वगळलेल्या' मुलुखापुरता होता. १९३६ च्या आदेशानें ठाणें जिल्ह्यांतील डहाणू व शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगांव हे पेटे त्यांत पडले. मुरबाड पडला नाहीं. एकाच जमातीचीं दोन मुलें, सीमेच्या दोन बाजूंस; एकाच्या घराची विचारपूस झाली, दुसऱ्याच्या झाली नाहीं. यावरून मुरबाडांत जुलूम नव्हता असें अनुमान काढणें चूक होय.

अशी रेषा ओढण्याची रीत जुनीच आहे. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापलेल्या अर्थशास्त्रांत, अल्पवयी आर्य मूल विकणाऱ्या वा गहाण ठेवणाऱ्या स्वजनांस मुलाच्या वर्णाप्रमाणें १२ ते ४८ पण दंड सांगितला आहे; म्लेच्छांनीं मात्र आपलें अपत्य विकल्यास दोष नाहीं! आमचें आयुष्य संस्कृताच्या अध्ययनांत गेलें, तरी हें वचन अजून घशांत अडकतें.

१९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्यांत, ऋणकोनें स्वतः किंवा कुटुंबांतील व्यक्तीकडून करविलेलें श्रम, अशी व्याख्या आहे. त्या 'व्यक्ती'मध्यें मूल दडलेलें आहे. कर्ज सावकाराच्या वहींत, मारहाण फौजदारी दप्तरांत, शाळा सुटली तें हजेरीपटांत; बापाला मारतांना जें मुलानें पाहिलें तें कोठेंच नाहीं. हजेरीपट भरतांना आम्हीही 'गैरहजर' एवढेंच लिहीत असूं. कारण विचारण्याचा रकाना नव्हता, आणि आम्हीं तो पाडलाही नाहीं. अमेरिकेंतील डेव्हिड फिंकेलहोर यांनीं २००७ च्या सुमारास हेंच दाखविलें कीं, एकेक प्रकारची हिंसा सुटी मोजली तर अनेक प्रकार एकदम सोसणारें मूल हिशेबांतून निसटतें, आणि सर्वांत अधिक खचलेलें तेंच असतें.

हें केवळ गतकालाचें नव्हे. कसारा घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या इगतपुरी तालुक्यांतील कातकरी मुलें मेंढपाळांकडे कामास दिल्याचें २०२२ सालीं उघडकीस आलें. त्यांतील एक मुलगी मरण पावली.

ज्यांच्या संग्रहीं या दोन तालुक्यांच्या सावकारी वह्या असतील, त्यांनीं ऋणकोच्या नांवापुढील 'मुलासह' यासारख्या नोंदी, आकडा कितीही क्षुल्लक असला तरी, गांव व सालासह उतरून ठेवाव्या.