साखळीची टोकं छोटी, परिणाम मोठा: पाण्यात पॉलिमर स्वतःहून आकार कसा घेतात?

माउथवॉशच्या बाटलीवरची घटकांची यादी कधी वाचली आहे का? काही बाटल्यांवर 'पोलोक्सामर 407' असं नाव दिसतं. हा एक ब्लॉक कोपॉलिमर आहे.

ब्लॉक कोपॉलिमर म्हणजे काय?

पॉलिमर म्हणजे लहान घटक एकापुढे एक जोडून बनलेली लांब साखळी. ब्लॉक कोपॉलिमरच्या साखळीत वेगवेगळ्या स्वभावाचे सलग तुकडे असतात. पोलोक्सामर 407 मध्ये मधला सुमारे 65 घटकांचा तुकडा पाणी टाळतो, तर दोन्ही बाजूंचे सुमारे शंभर-शंभर घटकांचे तुकडे पाण्यात रमतात. पाण्यात पुरेशा साखळ्या असल्या की मधले तुकडे आत एकत्र येतात आणि बाजूचे बाहेर पसरतात. या सूक्ष्म गोळ्याला 'मायसेल' म्हणतात. तो आपोआप बनतो, म्हणून ही स्वयंजुळणी.

मग टोकांचं काय?

कल्याण-डोंबिवलीच्या लोकलचे डबे आठवा. डब्याच्या मानाने कपलिंग केवढंसं, पण त्याच्याशिवाय गाडी होत नाही. साखळीच्या टोकाचा रासायनिक गट असंच काम करू शकतो. ही जोडणी हायड्रोजन बंधाची असते. ऑक्सिजन किंवा नायट्रोजनला चिकटलेला हायड्रोजन शेजारच्या रेणूतल्या अशाच अणूकडे ओढला जातो. हा बंध नेहमीच्या रासायनिक बंधापेक्षा बराच कमजोर असतो, त्यामुळे तो तुटतो आणि पुन्हा जुळतो.

पाणीच आडवं येतं

पाण्याचे रेणूही हायड्रोजन बंध करतात. पोलोक्सामरच्या टोकाला असलेल्या साध्या हायड्रॉक्सिल गटाला ते चहूबाजूंनी घेरतात, त्यामुळे दोन टोकं एकमेकांना घट्ट धरत नाहीत. यावर दोन उपाय आहेत: एकाच वेळी अनेक बंध करणारा गट वापरणं आणि त्याला पाण्यापासून आडोसा देणं. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या संशोधकांनी 1997 मध्ये एकाच वेळी 4 हायड्रोजन बंध करणाऱ्या गटाने पॉलिमर जोडून दाखवले.

गट कुठे आहे, यावरही परिणाम ठरतो. पाणी टाळणाऱ्या टोकाला असला, तर गाभा घट्ट होतो किंवा गोळ्याऐवजी लांब धागा बनू शकतो. बाहेरच्या टोकाला असला, तर शेजारचे मायसेल जोडले जाऊन द्रावणाची जेली होऊ शकते.

याचा उपयोग काय?

पाण्यात न विरघळणारं औषध मायसेलच्या गाभ्यात भरता येतं. पण रक्तात गेल्यावर द्रावण एकदम पातळ होतं आणि मायसेल सुटे होऊन औषध वाटेतच बाहेर पडू शकतं. टोकांची पकड हे टाळायला मदत करू शकते.

हे गोळे साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाहीत. ठाणे खाडीच्या काठावर, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ध्रुव अणुभट्टीतल्या न्यूट्रॉनच्या झोताने पोलोक्सामर गटातल्या मायसेलचा आकार अभ्यासला गेला आहे. त्यासाठी नमुना बहुधा जड पाण्यात ठेवतात. न्यूट्रॉनना साधा आणि जड हायड्रोजन वेगळे 'दिसतात', म्हणून पॉलिमर पाण्यातून उठून दिसतो.